लिफ्टर

व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्याला टाळ्या आणि चेंडू उचलून देणाऱ्याला बोलणी. पुस्तकात त्याला सेटर म्हणतात, मैदानावरचे जुने लोक लिफ्टर. १९८६ साली सेऊलच्या आशियाई खेळांत भारताने कांस्यपदक मिळवले, त्यातल्या जिमी जॉर्जचे नाव अजून निघते. त्याला चेंडू कोण देत होते, विचारून पाहा एखाद्या चाहत्याला!

गावात एक ठरलेली रीत असते. उंच पोरगा मारणार, आणि ज्या बुटक्याचे काय करावे कळत नाही तो लिफ्टर. मला हे कधीच पटले नाही. तीन स्पर्शांतला मधला बहुतेक वेळा त्याचाच, म्हणजे डोके जास्त त्यालाच चालवावे लागते. कोरीटला मुलांना शिकवायचो तेव्हा मी उंची बघत नसे. चेंडू कुठे पडणार हे कोणाच्या पायांना आधी कळते, तेवढेच बघायचो. हात नंतर शिकवता येतात.

हातांचे काम तसे कंटाळवाणे. कपाळासमोर बोटांची खिडकी, चेंडू तळव्यावर टेकू द्यायचा नाही, जोर गुडघ्यांतून. रोज शंभर-दोनशे वेळा भिंतीवर. चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा. मी अधूनमधून बास्केटबॉल द्यायचो, तो दुपटीहून जड. शूटिंगबॉल खेळून आलेल्यांच्या तर मुठी उघडायलाच महिना जायचा! त्यापुढची पायरी म्हणजे पुढे आणि पाठीमागे एकाच पवित्र्यातून चेंडू देणे. समोरच्या ब्लॉकरला शेवटपर्यंत पत्ता लागता कामा नये.

एक मुलगा तिथवर पोहोचला होता. मारणाऱ्या दोघांच्या उड्या त्याला न बघता कळायच्या. दिवाळी झाली, घरचे ऊसतोडीला गुजरातेत निघाले, तोही गेला. आमच्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ. स्मॅशर गेला तर दुसरा उभा करता येतो. लिफ्टर गेला की सगळ्यांचीच उडी चुकते, कोणाची आधी, कोणाची उशिरा. दुसऱ्याला शिकवायला घेतले, पण लिफ्टर काही तीन महिन्यांत होत नाही.

होळीला तो परतला. कोयत्याने हात राठ झालेले, चेंडू बोटांत बसेना. त्याला मी भिंतीकडे पाठवले नाही. मारणाऱ्या दोघांना बोलावले आणि म्हटले, "उड्या मारा रे, चेंडू कसाही येऊ दे." रोज अंधार पडेपर्यंत हेच. सहाव्या दिवशी पाठीमागे दिलेला एक चेंडू नेमका जागेवर गेला. मारणाऱ्याने मारायचे सोडून तो पकडलाच, आणि दोघेही हसायला लागले.

पुढच्या दिवाळीपर्यंत आमचा संघ पुरा होता.