उडतं ठेवायचं की उभं?

इंजिनिअरिंग कॉलेज कुठलंही असो, वर्कशॉपच्या दारात एखादं जुनं मशीन सिल्व्हर पेंट मारून उभं केलेलं असतंच. खाली पाटी, भोवती चार कुंड्या. फर्स्ट इयरला आपण त्याच्यासमोर फोटो काढतो आणि एकदम सेंड-ऑफच्या दिवशी पुन्हा तिथेच ग्रुप फोटो. मधल्या काळात त्याचा उपयोग हेल्मेट ठेवायला! ते मशीन नक्की काय काम करत होतं, हे आपल्याला माहीत नसतं, कारण व्हायवाला ते कोणी विचारत नाही.

जुन्या लढाऊ विमानांचंही आपल्याकडे असंच झालंय. शाळेत असताना आमची सहल भिवंडीहून वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेली होती. तिथे आवारात एक विमान उभं आहे, 'मरुत'. बाईंनी त्याच्या सावलीत आमची हजेरी घेतली, डबे खाऊन घ्या म्हणाल्या आणि आम्ही आत आरसे बघायला पळालो. फार नंतर कळलं की ज्याच्याखाली बसून मी बटाट्याची भाजी खाल्ली, ते भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. कुर्ट टँक या जर्मन इंजिनिअरच्या हाताखाली बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टने (आताची हिंदुस्थान एरोनॉटिक्स) ते तयार केलं. 17 जून 1961 ला पहिल्यांदा उडालं. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढलं. 1990 पर्यंत सगळी निवृत्त झाली, आणि आज जगात एकही मरुत उडत नाही. जी उरली ती कबुतरांच्या ताब्यात.

या विषयाचं वेड मला लागलं ते एका व्हिडिओमुळे. होस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री माणूस अभ्यास सोडून काहीही बघतो, तसा मी डाकोटा विमान सुरू होताना बघत होतो. आपल्या वायुदलाची जुन्या विमानांची एक व्हिंटेज तुकडी आहे. तिच्यात लाकूड आणि कापडाचं टायगर मॉथ आहे. ते 2012 च्या वायुसेना दिनाला उडालं होतं. हार्वर्ड आहे आणि 2018 पासून डाकोटा. ही विमानं वायुसेना दिनाला, एअर शोला लोकांसमोर खरोखर उडतात. 2021 च्या प्रजासत्ताक दिनाला हीच डाकोटा दोन एमआय-17 हेलिकॉप्टरांना बरोबर घेऊन राजपथावरून गेली होती.

या डाकोटाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 2011 साली भंगाराच्या वाटेवर असलेलं हे विमान राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर वायुदलात डाकोटाचेच पायलट होते. ब्रिटनमध्ये काही वर्षं खपून ते दुरुस्त करून घेतलं आणि वायुदलाला भेट द्यायचं ठरवलं. तर सरकारदरबारी आधी चक्क नकार आला! पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारली गेली. पर्रीकर आयआयटी मुंबईचे मेटलर्जीवाले. जुन्या धातूची किंमत मेटलर्जीवाल्याला कळली, असं मी म्हणतो. (आमच्या मेटलर्जीच्या सरांनी हे वाक्य वाचावं आणि टर्म वर्कचे मार्क देताना लक्षात ठेवावं.) 17 एप्रिल 2018 ला विमान ब्रिटनहून निघालं आणि मुक्काम करत करत 25 एप्रिलला जामनगरला उतरलं. त्याला नाव दिलं 'परशुराम' आणि नंबर दिला व्हीपी 905. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो नंबर.

तो व्हिडिओ मी दिवाळीच्या सुट्टीत घरी बाबांना दाखवला. आमचे बाबा कामतघरला एका लूमच्या कारखान्यात जॉबर आहेत. ज्यांनी भिवंडी फक्त ट्रॅफिक जाममधून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. डिग्री नाही, ड्रॉइंग नाही. कानाने ऐकून सांगतो की कुठला नट ढिला आहे. बाबा आपल्या कॉलेजात असते तर मशीन डिझाइनला नक्की नापास झाले असते आणि वर्कशॉप इन्स्ट्रक्टर त्यांच्या पाया पडले असते.

व्हिडिओत इंजिन सुरू करायच्या आधी माणसं डाकोटाचा पंखा हाताने फिरवत होती. बाबांनी विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं, बाबा, या इंजिनाचे चौदा सिलिंडर गोलात बसवलेले असतात. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आपटेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. म्हणून आधी हाताने फिरवून बघायचं, कुठे अडतंय का.

बाबा म्हणाले, "मग आम्ही काय वेगळं करतो? शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी लूम हातानेच फिरवून बघतो. मशीन बसलं की आखडतं रे. माणसासारखंच."

इतक्या साध्या शब्दांत मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. उभ्या मशीनचं काय होतं? रबराचे सील वाळतात. तेलाचा थर उतरला की बेअरिंगवर गंज धरतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याखाली, रिव्हेटच्या ओळीत, ओल शिरते आणि पांढरी पावडर धरते. बाहेरून पेंट झकास! म्हणून विमान पुन्हा उडवायचं तर ते पूर्ण उघडावं लागतं. प्रत्येक स्पार, प्रत्येक जोड तपासायचा. आपण एनडीटीच्या प्रॅक्टिकलला लाल डाय लावून भेग शोधतो ना, तसले प्रकार तिथे खरोखर करतात, जर्नल पूर्ण करण्यापुरते नाही. जो पार्ट बाजारात मिळत नाही तो नव्याने बनवायचा. टायगर मॉथचं कापड पुन्हा ताणून बसवायचं. शिवाय एकदा करून भागत नाही. उडवत राहिलं तरच दोष दिसत राहतात.

असं भंगारातून विमान उठवणं आपल्या देशाला नवीन नाही. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं कानपूरला सोडून दिली गेली, आणि ती परत कोणी वापरू नये म्हणून मुद्दाम मोडतोड करून! 1948 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी तो ढीग उपसला. कामचलाऊ दुरुस्ती करून एकेक विमान कानपूरहून बंगलोरला उडवत नेलं. हे धाडस केलं त्यांचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी. बंगलोरला ती पूर्ण दुरुस्त झाली आणि पुढे पुण्याच्या लोहगाववरून वायुदलाची 6 नंबर स्क्वाड्रन हीच लिबरेटर घेऊन समुद्रावर गस्त घालत असे. 1968 पर्यंत! बाकी जगाने तोपर्यंत आपली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती. मग सगळ्यांना जाग आली. कॅनडाने 1968 मध्ये आपल्याला एक जुनं लायसँडर देऊन बदल्यात लिबरेटर नेलं. 1969 मध्ये एक अमेरिकेत अॅरिझोनाला उडत गेलं, 1974 मध्ये एक ब्रिटनला. आणखी एक पुढे अमेरिकेतल्या एका संस्थेने विकत घेऊन, उघडून, जोडून 1989 मध्ये पुन्हा आकाशात नेलं. अनेक वर्षं जगात उडणारी लिबरेटर दोनच होती, त्यातलं एक हे आपलं भंगारातलं.

योगायोग बघा, डाकोटाची दोन आणि लिबरेटरची चार इंजिनं एकाच घराण्यातली, प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, हा आता म्हणणार की सगळी विमानं उडवा. नाही म्हणणार. भिवंडीच्या पोराला एक शब्द लहानपणापासून माहीत असतो: 'धोटा उडाला'. चालत्या लूममधून धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो, आणि कधीतरी तो वाट सोडून बाहेर उडतो. समोर कोणाचा डोळा आहे हे तो बघत नाही. आमच्या शेजारच्या काकांचा उजवा डोळा असाच गेला. चालणारं मशीन सुंदर असतं, पण ते बघायला कुठे उभं राहायचं हे आधी ठरवावं लागतं.

22 ऑगस्ट 2015 ला इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या एअर शोमध्ये एक जुनं हंटर जेट लूप पूर्ण करता करता हायवेवर पडलं. 11 माणसं गेली. ती शो बघायला आत बसलेली नव्हती, रस्त्यावरची होती. त्यानंतर तिथे जमिनीवरच्या शोमध्ये जुन्या जेटना कसरती बंद झाल्या, सरळ उडत जायची तेवढी मुभा राहिली. 2 ऑक्टोबर 2019 ला अमेरिकेत एक बी-17 बॉम्बर प्रवाशांना हौसेची फेरी मारायला घेऊन गेलं आणि परत उतरताना कोसळलं. 7 जण गेले. विमान त्याच संस्थेचं, जिने आपलं लिबरेटर उडवलं होतं. तपासात इंजिनांच्या देखभालीत दोष निघाले, मॅग्नेटोपासून स्पार्क प्लगपर्यंत. स्पार्क प्लग! आपण बाइकचा प्लग सँडपेपरने घासतो तो.

म्हणून मला सगळ्यात पटली ती इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहालयाची पद्धत. ते आपली जुनी विमानं उन्हाळाभर लोकांसमोर उडवतात. त्यांच्याकडे 1909 सालचं ब्लेरिओ आहे. हवा अगदी शांत असेल तरच ते बाहेर काढतात आणि धावपट्टीवरच जरासं उचलून, सरळ नेऊन पुन्हा टेकवतात. वळण नाही, कसरत नाही. शंभरीच्या पुढच्या आजोबांना संध्याकाळी अंगणात दोन फेऱ्या मारायला लावाव्यात, तसं.

आता मिग-21 चा प्रश्न आहे. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला ते निवृत्त झालं. यातली कितीतरी विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला बनलेली. आमच्या विंगमध्ये यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला, एक तरी उडतं ठेवावं म्हणून. माझं मत विरुद्ध. डाकोटा हळू उतरतं, दोन इंजिनांवर उडतं, त्याचा पार्ट बनवता येतो. मिगला एकच इंजिन, उतरण्याचा वेग भयंकर, आणि ते जाईल तिथे खाली वस्ती. त्याला उभंच ठेवा. पण निदान पॅनेल उघडून ठेवा, शेजारी ओझरच्या एखाद्या निवृत्त फिटरला बसवा आणि पोरांना आत हात घालू द्या. सिल्व्हर पेंट नको. रूममेटला हे पटलेलं नाही. तो अजून माझ्याशी मिगपुरता बोलत नाही.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. बाबांचा कारखाना या वर्षी बंद होतोय. मालक गाळा गोडाऊनला देणार आहेत, आणि 24 लूम किलोच्या भावाने भंगारात जाणार. ते मूळ मुंबईच्या एका गिरणीतून सेकंडहँड आलेले. फ्रेमवर ओतलेली इंग्रजी अक्षरं झिजून अर्धी उरलीत. चामड्याचा पिकर, लाकडी धोटा, सगळं अजून चालतं. मी मालकांना एक लूम कॉलेजसाठी मागितला. ते लगेच हो म्हणाले, वर चहा पाजला. आमच्या एचओडी सरांनीही परवानगी दिली; म्हणाले, "वर्कशॉपच्या दारात जागा आहे, छान पेंट करून ठेवू."

बाबांना फोनवर हे सांगितलं. थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दारात नको. आत घ्या. एक एचपीची थ्री-फेज मोटर आणि खाली पक्कं फाउंडेशन द्या, मी रविवारी येऊन बसवून देतो. धोट्याला दोन्ही बाजूंनी जाळी लागेल, ती तुमच्या वेल्डिंगच्या पोरांना करायला सांग. आणि दर शनिवारी चालवणार असाल तरच न्या. नाहीतर जाऊ दे भंगारात."

सरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. सर हसले, मग फाउंडेशनचं ड्रॉइंग मागितलं. ते मी काढतोय. जाळीसाठी वेल्डिंग येणारे दोघं आणि शनिवारी दुपारी झोपेचा त्याग करू शकणारे चौघं हवे आहेत. रूम नंबर मेसच्या बोर्डावर लिहिला आहे. बीम आणि कांड्या बाबा भिवंडीहून आणणार आहेत.