उजवीकडे आणि डावीकडे

२५ जुलै हा संत याकोबाचा सण. त्या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला उतारा वाचला जातो. जब्दीची बायको, म्हणजे याकोबाची आई, दोन्ही मुलांना घेऊन येशूपुढे गुडघे टेकते आणि मागणं मागते, की त्याच्या राज्यात एकाला उजवीकडे जागा मिळावी, दुसऱ्याला डावीकडे. येशू मुलांकडे वळून विचारतो, माझ्या वाट्याचा प्याला तुम्हाला पिववेल का. मुलं हो म्हणून मोकळी होतात.

२०२४ साली हा सण गुरुवारी आला. पावसानं सगळीकडे कहर केला होता. सकाळी वसईहून फोन आला, दिब्रिटो फादर गेले. आई काही बोलली नाही. चष्मा पुसला, फादरांनीच मराठीत आणलेलं 'सुबोध बायबल' उघडलं आणि त्या दिवसाचं वाचन मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "याकोबाच्या सणाला गेले."

फादर फ्रान्सिस दिब्रिटो महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते लेखक म्हणून, 'हरित वसई'च्या लढ्यातले नेते म्हणून, २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. आमच्यासारख्या घरांना ते त्याआधीपासून माहीत होते, 'सुवार्ता' मासिकामुळे. १९८३पासून २००७पर्यंत ते त्याचे संपादक होते. वसईतल्या आमच्या वाडीत अंक आला की आधी आजोबा, मग आई, मग आम्ही भाऊ अशी पाळी असे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कानावरून जाणारं शुभवर्तमान आपल्याच विहिरीबद्दल, आपल्याच भांडणांबद्दल काही सांगतं आहे, ही जाणीव आम्हाला त्या पानांनी दिली. पाण्याचे टँकर वसईच्या विहिरी उपसत होते तेव्हा आई मोर्च्यात चालली होती. येशू विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, ते वाचन आलं की तिला ते दिवस आठवत.

वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी मोर्च्यात चाललेली ही बाई शेवटी राहायला आली सिडकोच्या कामोठ्यात, तिसऱ्या मजल्यावर. वडील गेले, धाकटा भाऊ कुवैतला, माझी नोकरी हार्बर लाइनवर. तिला दुसरं काय करता येणार होतं? पानवेलीच्या जागी बाल्कनीतल्या कुंड्या आल्या. आमच्याकडची मिस्सा इंग्रजीतून. तिला ती कळत नसे असं नाही, पण घरी आल्यावर वाचन पुन्हा मराठीतून झाल्याशिवाय रविवार झाला असं तिला वाटत नसे. मानसरोवर स्टेशनवरून मी घरी पोहोचेपर्यंत कुकर झालेला असे आणि ओट्यापाशी पुस्तक उघडं. रोजचं वाचन ती चुकवत नसे.

'सुबोध बायबल'वर फादरांनी अनेक वर्षं घालवली. २०१३मध्ये साहित्य अकादमीनं नव्या कराराच्या या मराठी रूपाचा गौरव केला. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूनं १६१६ साली ओवीतून 'क्रिस्तपुराण' छापलं, तेव्हापासून मराठीला हे शुभवर्तमान परकं नाही. तरी ओट्यापाशी उभं राहून, भाजी चिरता चिरता वाचता येईल असं ते माझ्या आईपर्यंत फादरांनी आणलं. त्यांचं मोठेपण मला इथे दिसतं. संमेलनाच्या अध्यक्षपदापेक्षाही इथेच.

जब्दीच्या बायकोवर आईचा फार जीव. प्रवचनांत त्या बाईला सहसा बोलच लागतात. मुलांसाठी खुर्च्या मागणारी, राज्य म्हणजे काय ते न कळलेली. आई म्हणे, "मुलांसाठी मागणार नाही ती आई कसली?" ती स्वतः सगळ्या सणांना मागत असे, माझ्यासाठी घर, धाकट्यासाठी व्हिसा. मग बोटानं पानं मागे-पुढे करून ती मला सत्ताविसावा अध्याय दाखवी. येशूला क्रुसावर देतात तेव्हा शिष्य पळालेले असतात. दुरून बघणाऱ्या बायकांत मात्र मत्तयनं या बाईची आठवणीनं नोंद केली आहे, जब्दीच्या मुलांची आई. आणि येशूच्या उजवीकडे एक, डावीकडे एक असे दोन लुटारू टांगलेले.

"तिनं ज्या जागा मागितल्या होत्या, त्या तिला तिथे दिसल्या," आई म्हणायची. "आणि तरी ती तिथून हलली नाही."

हे तिनं कुठं वाचलं होतं, फादरांच्या तोंडून ऐकलं होतं की स्वतःच जुळवलं होतं, मला सांगता येत नाही. विचारायला हवं होतं.

आई पुढच्या उपवासकाळात गेली. तिच्या उजव्या हाताशी मी होतो. धाकट्याला विमान मिळून तो पोहोचेपर्यंत तिला वसईला न्यायची वेळ आली होती. पनवेल-वसई गाडीच्या वेळा तिला पाठ होत्या, कारण माहेरच्या सणांना ती त्याच गाडीनं जाई. या वेळी आम्ही तिला घोडबंदरमार्गे नेलं. दफनविधी मराठीतून झाला. माती देताना धाकटा माझ्या शेजारी उभा होता, पण आपण वेळेवर पोहोचलो असं त्याला आजही वाटत नाही.

याकोब हा बारा प्रेषितांपैकी पहिला हुतात्मा. हेरोद राजानं त्याला तलवारीनं मारलं, हे 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये एका ओळीत येऊन जातं. तेव्हा त्याची आई जिवंत होती का, ते बायबलमध्ये कुठेच नाही. आईला हे फादरांना विचारायचं होतं. पाऊस ओसरला की वसईला जाऊ, असं दर पावसाळ्यात ठरे.

कुवैतला सुटी शुक्रवारी, म्हणून धाकटा रविवारची मिस्सा शुक्रवारीच ऐकतो. त्यामुळे गुरुवारी रात्री त्याचा फोन येतो आणि मी आईच्या पुस्तकातून त्याला वाचन वाचून दाखवतो. पेन्सिलच्या खुणा आल्या की थांबतो. तो विचारतो, इथे आई काय म्हणायची? आठवतं तेवढं सांगतो. काही खुणांचं मलाही आठवत नाही, तेव्हा आम्ही दोघं मिळून तर्क करतो आणि पुढचा अध्याय उघडतो.