क्रमांकाची शीव

सावरगाव म्हटले की 'कोणते?' हा प्रश्न ठरलेलाच. बीड जिल्ह्यात सावरगाव घाट आहे, नागपूर जिल्ह्यात नरखेडकडे एक सावरगाव आहे. आणि आमचे सावरगाव जाम नदीच्या काठचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत पांढुर्ण्यासमोर उभे राहणारे. नावाची ही गत, तर क्रमांकाचे काय सांगावे! मध्य प्रदेशात ज्याला राजस्व म्हणतात त्या महसूल खात्यात आमची हयात गेली. नुसते 'खसरा क्रमांक 112' म्हटल्याने कोणतेच शेत हाती लागत नाही. गाव, पटवारी हलका, तहसील ही साखळी जोडावी, तेव्हा त्या आकड्याला जमीन मिळते.

आमचा पुतण्या पुण्यात संगणकाच्या बोर्डांवर काम करतो. "नेमके करतोस काय?" असे विचारता तो म्हणाला, "काका, इंटरप्टचे नंबर जुळवतो." त्याने समजावले ते असे. प्रोसेसर आपल्या कामात गुंतलेला असतो. कळ दाबली गेली, घड्याळाचा ठोका पडला, की ते ते यंत्र आपल्या तारेवरून हाक देते : हातातले ठेवा, आधी माझे पाहा. ही हाक म्हणजे इंटरप्ट. ती कोणाची, हे क्रमांकावरून कळते आणि कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्या क्रमांकाचा कारभारी जागा करतो.

1981 च्या आयबीएम पीसीत अशा आठ तारा होत्या. घड्याळ शून्यावर, कळफलक एकवर. 1984 साली दुसरी चिप जोडली, तेव्हा एक तार त्या जोडणीतच खर्ची पडून पंधरा उरल्या. इतरांनी तीच मांडणी उचलली, म्हणून एका यादीवर भागले. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांचे मात्र तसे नव्हते. प्रत्येक निर्मात्याची जोडणी निराळी. एका बोर्डावर जो क्रमांक घड्याळाचा, तोच दुसऱ्यावर भलत्याचा. लिनक्समध्ये बोर्डागणिक याद्या कर्नेलच्या आतच लिहिल्या जात. 2011 पर्यंत हा पसारा इतका वाढला, की लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे 'डिव्हाइस ट्री'ची पद्धत रुळली : बोर्डाचे वर्णन वेगळ्या फाइलीत, आणि क्रमांक नेहमी आपल्या नियंत्रकाच्या नावासह. कर्नेल त्यावरून स्वतःच्या वहीतला क्रमांक देते. आम्हांला लगेच हलका आणि खसरा आठवले.

तरीही खाचखळगे असतातच. एआरएमच्या प्रचलित नियंत्रकात 0 ते 15 क्रमांक प्रोसेसरांच्या आपापसातल्या हाकांचे, 16 ते 31 प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी यंत्रांचे आणि सामाईक यंत्रे 32 पासून पुढे. डिव्हाइस ट्रीत मात्र सामाईकांची मोजणी शून्यापासून होते. तिथे 33 लिहिले, तर नियंत्रकाच्या हिशेबी ते 65. हे बत्तीस विसरले, की यंत्र हाका मारीत राहते आणि ऐकणारा दुसऱ्याच दारी उभा असतो. एखाद्या तारेवरच्या एक लाख हाकांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाल्या, तर लिनक्स ती तार बंद करते आणि शेरा मारते : 'नोबडी केअर्ड'. कोणीही दखल घेतली नाही.

हा शेरा आमच्या मनातून जाईना. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याने एका कार्यालयात सीमांकनाचा अर्ज दिला होता. खसरा क्रमांक बिनचूक. पण अर्ज त्याच नावाच्या दुसऱ्या गावच्या बस्त्यात बांधला गेला. तिथे त्या क्रमांकाचा धनी निराळाच. म्हातारा तीन वर्षे खेपा घालून थकला आणि यायचा बंद झाला. 'अर्जदार अनुपस्थित' असे लिहून प्रकरण निकाली निघाले. यंत्राने निदान खरे कारण लिहिले असते.

2023 साली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. अर्जाचा मथळा बदलला, शेतांचे क्रमांक तेच राहिले. निवृत्तीनंतरही लोक आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. शेतकरी घाईने खसरा क्रमांक सांगतो. आम्ही त्याला बसवून घेतो आणि आधी गाव, हलका, तहसील, जिल्हा लिहितो. आकडा सर्वांत शेवटी.