म्हातारीची बाज

सप्तर्षींना ऋषी म्हणून ओळखणारी माणसं खेड्यात तशी थोडीच. बहुतेकांच्या लेखी ती म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय, आणि मागून तिरकी ओळ धरून येणारे तिघे म्हणजे चोर. जन्मभराची मिळकत काय, तर ती एवढी बाज. म्हातारीचा डोळा लागला की ती पळवायची म्हणून चोर टपलेले, आणि ते टपलेत हे ठाऊक असल्यामुळे म्हातारी जागी. चैत्र-वैशाखात अंगणात अंथरुणं पडली की उत्तरेकडे बोट करून ही गोष्ट सांगितली जायची. ऐकणारं पोर म्हातारीच्या जोडीनं जागं राहायचं ठरवायचं आणि कधीतरी झोपून जायचं.

विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्येही हीच बाज आहे आणि हेच चोर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना रात्री आकाशाखाली उभं करून गोंडांचं आकाश लिहून घेतलं आणि २०१३ साली ते प्रसिद्ध केलं. त्या आकाशात राजे नाहीत, युद्धं नाहीत. मृगातल्या ताऱ्यांमध्ये नांगर आणि तिफण आहे, आणि आकाशगंगा ही गुराढोरांची वाट आहे. दिवसभर जे हातात धरलं, जिथून गुरं हाकली, तेच रात्री वर दिसलं.

हे आकाश आता गेलं. तारे जागच्या जागी आहेत. पण त्यांना नावानं हाक मारणारी माणसं आणि हाक मारावीशी वाटेल असा अंधार, दोन्ही आपल्यातून निघून गेले. कोणत्या तिथीला गेले ते सांगता येत नाही, म्हणून त्यांचं श्राद्धही कुणी घातलं नाही.

मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून सप्तर्षी पाहिले की काय गेलं ते नीट कळतं. सातांपैकी सहा तारे साधारण दुसऱ्या प्रतीचे आहेत, सातवा, म्हणजे अत्री, तिसऱ्या प्रतीहूनही मंद. चौकोनाचा जो कोपरा शेपटीला जोडलेला आहे तो हा तारा. शहरात धुरकट हवा आणि दिव्यांचा उजेड एकत्र आला की पहिल्यांदा अत्री दिसेनासे होतात. म्हणजे बाजेचा एक पायच गेला. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला, वसिष्ठाला, अगदी चिकटून असलेली अरुंधती तर चौथ्या प्रतीची. तिचा पत्ताच लागत नाही. ज्या जोडप्याचा दाखला हजारो वर्षं नव्या जोडप्यांना दिला गेला, त्यातले वसिष्ठ आता शहरावर एकटेच उगवतात आणि एकटेच मावळतात.

हा दाखला देण्याची रीत जुनी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलंय की लग्नानंतर वधूनं ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहावेत आणि मगच मौन सोडावं. म्हणजे रात्र पडेपर्यंत थांबायचं, अंगणात यायचं आणि आकाश साक्षीला असताना पहिला शब्द बोलायचा. परवा एका मंगल कार्यालयात मी हा विधी पाहिला. दुपारची वेळ, पंगती बसायची घाई, पुढच्या लग्नाचे लोक दाराशी आलेले. गुरुजींनी वधूवरांना उत्तरेकडे तोंड करायला सांगितलं आणि म्हणाले, "ध्रुव पाहा." वर पांढरं छत आणि एक पंखा. तरी त्या मुलीनं मान वर केली आणि क्षणभर मनापासून शोधलं. मग म्हणाली, "पाहिला." तिच्या आवाजात खोटेपणा अजिबात नव्हता. जो तारा बघायला सांगितला, तो तिथे असायला हवा होता, एवढंच.

अरुंधती दाखवायची आपल्याकडे एक खास रीत होती. आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, तीच अरुंधती असं म्हणायचं, नजर तिथे स्थिरावली की मग खरी, बारीक अरुंधती दाखवायची. शास्त्रकारांनी या रीतीला न्याय म्हटलं आणि सूक्ष्म तत्त्व शिकवायची पद्धत म्हणून वेदान्तात वापरलं. एक मंद तारा दिसावा म्हणून लागणारी चिकाटी आणि ब्रह्म कळावं म्हणून लागणारी चिकाटी एकाच जातीची आहे, असं ज्यांना वाटलं त्यांच्या रात्री कशा असतील!

पण मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती पावसाच्या नक्षत्रांची. मृग लागलं, आर्द्रा लागली, असं आपण अजून म्हणतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहनही छापलेलं असतं. या वर्षी बेडूक आहे की उंदीर, म्हैस आहे की गाढव, यावर पारावर अजून चर्चा रंगते. म्हणजे शब्द शाबूत आहेत. त्यामागचं पाहणं मात्र गेलं, आणि ते पाहणं विलक्षण होतं. ७ जूनच्या आसपास मृग लागतं म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र त्या दिवसांत दिसूच शकत नाही; ते दिवसा उगवतं आणि दिवसाच मावळतं. ज्या ताऱ्यांच्या नावानं पेरणी व्हायची, ते तारे पेरणीच्या वेळी कुणाच्याही नजरेला पडत नव्हते.

मग शेतकऱ्यानं ते पाहिले कधी? मार्गशीर्षात, राखणीला. थंडी पडलेली, हरभरा घाट्यावर, रानडुकरांच्या भीतीनं बांधावर शेकोटी. संध्याकाळी पूर्वेला मृग वर यायचा आणि मध्यरात्री माथ्यावर. मधले तीन तारे एका ओळीत, त्यांना तिकांडं म्हणायचे. खालच्या अंगाला लखलखणारा व्याध. ऐतरेय ब्राह्मणात गोष्ट आहे: प्रजापती आपल्याच मुलीच्या मागे हरणाचं रूप घेऊन लागला, देवांना ते पाहवेना, त्यांनी रुद्राला पुढे केलं आणि रुद्रानं बाण सोडला. तो तीन कांडांचा बाण अजून हरणाच्या अंगात आहे, आणि पुढे पळालेली रोहिणी तांबूस होऊन अजून समोर आहे. राखणीवरच्या माणसाला ब्राह्मणग्रंथ ठाऊक नसेल, पण बाण ठाऊक होता. आणि हेही ठाऊक होतं की आज मध्यरात्री जे नक्षत्र डोक्यावर आहे, त्याच्याच घरी सहा महिन्यांनी सूर्य यायचा आहे. हिवाळ्याच्या रात्री तो पुढच्या पावसाळ्याचं दार पाहत होता. एकेका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस राहतो. सगळा खरीप त्यानं या तेरा-चौदा दिवसांच्या मापानं मोजला. आता कॅलेंडरवरचा छोटासा मजकूर तेच सांगतो आणि बरोबर सांगतो. फक्त त्या नावाला चेहरा उरलेला नाही.

वेळेचंही तसंच. घड्याळ घरोघरी येण्याआधी रात्रीचे प्रहर तारे सांगायचे. तिकांडं माथ्यावरून ढळलं, शुक्राची चांदणी उगवली, असं म्हणून बाया जात्यावर बसायच्या, मोटेला बैल जुंपले जायचे, बाजाराच्या गाड्या निघायच्या. आकाशाकडे पाहणं हा त्यांचा छंद नव्हता, कामाचा भाग होता. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

अगस्ती तर अनेकांच्या स्मरणातूनच गेला. व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, पण आपल्याकडून तो दक्षिणेला अगदी खाली दिसतो. पुण्याहून पाहिला तर क्षितिजापासून वीस अंशही वर येत नाही. विंध्याला वाकायला लावून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला ऋषी तिथेच, त्या दिशेला असायचा, हे किती नेमकं होतं. त्याच्या उदयानंतर नद्यांचं गढूळ पाणी निवळतं अशी जुनी समजूत आहे. पावसाळा सरतासरता पहाटे तो दिसू लागायचा आणि खरोखरच पाणी निवळू लागलेलं असायचं. क्षितिजाजवळचा तारा शहराच्या उजेडात सर्वांत आधी बुडतो. त्यामुळे समुद्र पिऊन टाकणारा ऋषी आपल्या दिव्यांत विरघळून गेला.

हा उजेड वाईट म्हणून आला नाही, हे आधी बोललं पाहिजे. गावात वीज येण्याआधीचा अंधार ज्यांनी सोसला, त्यांना त्याचं कौतुक सांगणं बरं नव्हे. त्या अंधारात साप होते, बाळंतपणं होती, आणि रात्री घराबाहेर पडणाऱ्या बायकांच्या मनात धास्ती होती. दिवा आला हे चांगलंच झालं. पण दिव्यानं कुठे थांबायचं हे कुणी ठरवलं नाही. वेशीवर, देवळापुढे, एसटी स्टँडवर हायमास्ट उभे राहिले आणि त्यांचा बराच उजेड जमिनीकडे जाण्याऐवजी वर जाऊ लागला. एलईडी आले, वीज वाचली, पण त्यांचा पांढरा, निळसर उजेड हवेत जास्त पसरतो. २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी ताऱ्यांची नोंद केली होती, २०११ ते २०२२ या काळात. त्यावरून दिसलं की रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. मूल जन्मलं तेव्हा ज्या ठिकाणाहून २५० तारे दिसत होते, तिथून ते अठरा वर्षांचं होईपर्यंत १०० दिसतील. त्याआधी, २०१६ साली निघालेल्या उजेडाच्या नकाशानं सांगितलंच होतं की जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसत नाही. गोंडांची गुरांची वाट या माणसांपुरती मिटली.

मला वाटतं, यात सर्वांत मोठी हानी लहान मुलांची झाली. आजोबा कुठे गेले, या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर होतं: ते तारा झाले. ते शास्त्र नव्हतं आणि कुणी त्याला शास्त्र मानतही नव्हतं. पण दुःखाच्या पहिल्या रात्री मुलाला बाहेर नेऊन वर बोट करता यायचं, आणि मूल आपला तारा आपणच निवडायचं. असंख्य तारे असले तरच निवडायला अर्थ आहे. आज ते मूल वर बघतं तेव्हा त्याला तीन-चार ठिपके दिसतात, आणि त्यातलं एक विमान असतं.

मराठी माणसाचं हे आकाशाशी असलेलं नातं फक्त अंगणातलं नव्हतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीत लिहिलं. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवतात या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ शोधायचा प्रयत्न केला. त्याआधी १८९३ साली टिळकांनी मृगावरून वेदांच्या काळाबद्दल पुस्तक लिहिलं. त्यांच्या निष्कर्षांवर वाद आहेत आणि राहतील. पण पोथीतली ओळ आणि आकाशातला तारा एकमेकांशी ताडून पाहावा, असं या माणसांना वाटलं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी लोकांना तारे दाखवते आहे. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना लोकलनं वांगणीला नेऊन रात्रभर आकाशाखाली बसवत आलं. या दोन्ही संस्थांबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. पण तारा पाहण्यासाठी तिकीट काढून गाव सोडावं लागणं, हेच मुळी गेलेल्या गोष्टीचं प्रमाण आहे.

जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या काही गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. रस्ते उजळलेलेच राहिले, आकाश काळं झालं. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे एका जिल्ह्यानं करून दाखवलं, तर बाकीच्या जिल्ह्यांच्या हायमास्टना टोप्या घालायला काय हरकत आहे? हा खर्च फार नाही, आणि त्यात विजेचीही बचत आहे.

पेंचच्या त्या अंधाराकडे मी मोठ्या आशेनं पाहतो. तो गोंडांचा मुलूख आहे. तिथे पर्यटक येतील, दुर्बिणी लागतील, मोबाइलवरची ॲप ताऱ्यांची नावं सांगतील. माझी मागणी एवढीच आहे की दुर्बिणीपाशी उभं राहून माहिती देणारा माणूस जवळच्या गावातला असावा, त्याला त्याच्या आजीनं सांगितलेलं आकाश आधी विचारलं जावं, आणि 'ओरायन' हा शब्द उच्चारण्याआधी त्यानं तिफण दाखवावी.