पुढारपणाची टिपणं

१

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामी पोचते. समाजआरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. मग चोपदार दंड उंच धरतात आणि सगळं एकदम थांबतं. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातात, ऐकून घेतात. टँकर आला नाही, राहुट्यांच्या जागेवरून वाद झाला, कुणी क्रम मोडला. ते मिटल्यावर आरती.

तक्रार करणाऱ्याला तिथे घसा ताणावा लागत नाही. बाकीचे गप्प होतात.

२

चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास पाठवलेलं पत्र मी अधूनमधून काढून वाचतो. आशय असा: दाणा-वैरण बेतानं वापरा. आत्ता उधळलीत तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणाचे दाणे, कुणाची भाकरी, कुणाचं लाकूड, कुणाची भाजी उचलाल, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील.

पुढे आगीचा मजकूर आहे. कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, गवताच्या गंजीजवळ ठिणगी पडेल. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल.

स्वराज्याचा धनी, आणि त्याच्या डोळ्यांसमोर उंदराच्या तोंडातली वात.

३

ताशा ढोलापेक्षा कितीतरी लहान. सगळं पथक त्याच्याकडे कान लावून वाजवतं.

४

किंग्स्टन, फेब्रुवारी १९७१. अजित वाडेकर कर्णधार म्हणून पहिलीच कसोटी खेळत होते. पहिला दिवस पावसात वाहून गेला. नंतर भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद. तिथून दिलीप सरदेसाईंनी २१२ काढल्या, एकनाथ सोलकरांनी ६१, आणि धावसंख्या ३८७ वर गेली. वेस्ट इंडिज सर्वबाद २१७. आघाडी १७० ची.

पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते, त्यामुळे मैदानावर कुणाच्या मनातही ती गोष्ट नव्हती. पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मग १५० पुरतात. वाडेकरांना हा नियम ठाऊक होता. ते यजमानांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि गॅरी सोबर्सना म्हणाले, तुम्ही पुन्हा फलंदाजीला या.

सामना अनिर्णित राहिला. तरी मला वाटतं, ती मालिका त्या दारातच फिरली. त्याआधी भारतानं वेस्ट इंडिजला एकाही कसोटीत हरवलं नव्हतं. पुढचीच कसोटी, पोर्ट ऑफ स्पेनची, भारतानं सात गडी राखून जिंकली आणि मालिकाही तेवढ्यावर आपली झाली.

पुढारपणाच्या शिबिरांत आत्मविश्वासावर व्याख्यानं होतात. नियमांचं पुस्तक नीट वाचून येण्यावर एखादं तरी व्हावं.

५

त्याच वर्षीचा ऑगस्ट, इंग्लंडविरुद्ध ओव्हलची कसोटी. जिंकायला १७३ हव्या. शेवटच्या दिवशी सकाळी वाडेकर सुरुवातीलाच ४५ वर धावबाद झाले. ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि झोपले. सामना जिंकल्यावर त्यांना जागं केलं ते केन बॅरिंग्टन यांनी.

६

सरकारी रुग्णालयातला वॉर्ड, पाळी बदलण्याची वेळ. इन्चार्ज सिस्टर टेबलापाशी न बसता खाटेखाटेशी जातात. प्रत्येक ठिकाणी आधी शिकाऊ मुलीला विचारतात, "तुला काय दिसतंय?" मग स्टाफ नर्सला. स्वतः शेवटी बोलतात. एका खाटेपाशी ती मुलगी चाचरत म्हणाली, "आजोबांनी सकाळपासून लघवी केली नाही बहुतेक." चार्टवर तशी नोंद नव्हती. डॉक्टरांना फोन लावायला सिस्टरनी तिलाच सांगितलं.

सिस्टर आधी बोलल्या असत्या तर ते वाक्य तिच्या तोंडून निघालंच नसतं.

७

सभेत सगळ्यांत शेवटी कोण बोलतं, हे मी हल्ली मुद्दाम पाहतो.

८

सातारा जिल्ह्यातलं एक गाव. ग्रामसभा सकाळी अकराची. पारावर सतरंजी अंथरलेली, ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगची वही उघडून ठेवलेली, माणसं बोटांवर मोजण्याइतकी. कोरम भरत नव्हता. कायद्यात यावर सोपी वाट आहे. सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला चार डोकी बसली तरी ठराव पास. सह्या नंतर घरोघर फिरून घेता येतात. पुष्कळ गावांचा कारभार असाच चालतो, आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही.

सरपंचबाईंनी सभा तहकूब केली. पण पुढची वेळ ठरवण्याआधी त्या वाड्यावस्त्यांवर हिंडल्या. तुम्हाला कधी जमेल, एवढंच विचारत होत्या. पुरुष म्हणाले, डेअरीत दूध घालून आल्यावर. बायका म्हणाल्या, जेवणं उरकल्यावर. सभा रात्री साडेआठला ठेवली, देवळाच्या सभामंडपात. मंडप भरला. बायका खांबांच्या मागे बसल्या होत्या, त्यांना सरपंचबाईंनी पुढे बोलावून घेतलं. जमाखर्च स्वतः वाचला, एकेक कलम, सावकाश. पथदिव्यांच्या आकड्याशी एक म्हातारे अडले.

"ताई, एवढे दिवे आमच्या आळीत तर कुठं दिसत न्हाईत."

"आबा, उद्या आपण दोघं मिळून मोजू," त्या म्हणाल्या, आणि ग्रामसेवकांना तसं वहीत लिहायला लावलं.

त्यांचा नवरा मागे चपलांपाशी उभा होता. एकदाही पुढे आला नाही, एकदाही मध्ये बोलला नाही. त्याचंही कौतुक इथे लिहून ठेवतो.

९

महाराष्ट्रानं पंचायतींतल्या निम्म्या जागा २०११ मध्ये स्त्रियांना दिल्या. खुर्ची कायद्यानं मिळते. माइक अजून बऱ्याच ठिकाणी मिळवावा लागतो.

१०

महाड, २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले आणि मागून हल्ला झाला. मांडवात, रस्त्यांत, दिसेल त्याला मारहाण. बाबासाहेबांसोबत सैन्यात नोकरी केलेली माणसं होती. त्यांनी हात उचलायचं ठरवलं असतं तर गावाची काय गत झाली असती, सांगता येत नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. रक्त निघालेल्या माणसांना आवरलं. मग रीतसर खटला चालवला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद. सत्याग्रहासाठी हजारोंनी नावं नोंदवली होती. आयत्या वेळी विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. जमलेला समाज मागे हटायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी त्या सगळ्यांना समजावून सत्याग्रह पुढे ढकलला. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात जिंकला तो १९३७ मध्ये.

लोकांना पाण्यापर्यंत नेणं मोठंच काम. त्याच वर्षात, त्याच लोकांना, थांबा म्हणणं, आणि त्यांनी ते ऐकणं, याबद्दल मात्र कमी लिहिलं जातं.

११

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा. लेखा-मेंढा म्हणून आपण ऐकलेलं. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलणं चालू राहतं, एकाचं मन वळत नसेल तर निर्णय थांबतो. अवघड विषय आधी अभ्यासगटात चघळले जातात. अशा रीतीनं चालणाऱ्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्यांपैकी. बाहेरचे लोक देवाजी तोफांना गावाचा नेता म्हणतात. गावात मात्र त्यांनाही इतरांसारखं बसून सगळ्यांचं ऐकावं लागतं.

वेळ जातो, हे खरं. पण मतदानात हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी काम अडवायला मोकळा असतो. मेंढ्यात तो मोकळा नसतो, कारण हो म्हणणाऱ्यांत तोही असतो.

१२

गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. तळाच्या पोरांच्या माना खाली, त्यांना हंडी कधी दिसतच नाही. मधल्या थरांना समोरच्याची पाठ दिसते. सगळा मनोरा दिसतो तो जमिनीवर, जरा लांब, गळ्यात शिट्टी घालून उभ्या असलेल्या एका माणसाला. एका सरावात वरचा मुलगा हात सोडून उभा राहणार, तेवढ्यात त्यानं शिट्टी मारली. उतरा. खाली डाव्या बाजूच्या एका पोराचा गुडघा थरथरत होता. टाळ्या वाजवायला उभी असलेली चाळ हिरमुसली. वरचा मुलगा रुसून बसला. माणसानं त्या गुडघ्यावर बर्फ धरला आणि कुणालाच काही समजावत बसला नाही.

१३

कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचं दुकान काढलं. जातीमुळे तिथे कुणी फिरकेना. शाहू महाराज आपली गाडी दुकानासमोर थांबवत, चहा मागवत, पीत, आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावत. याच महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. हुकूम काढून झाल्यावरही चहा प्यायला स्वतः जावं लागलं.

१४

हिवरेबाजारला पाऊस किती झाला ते मोजून गाव ग्रामसभेत बसतं आणि यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. उसाला बंदी, शेतीसाठी बोअरवेलला बंदी. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हापासून घडत आलेली ही शिस्त. 'नाही' सांगून निवडून येत राहणं, याचा अभ्यास आपल्या राजकारणातल्या तरुणांनी जरूर करावा.

१५

लोणीच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे गावोगाव भागभांडवल मागत फिरले. शिक्षण बेताचं, पण शेतकऱ्यांचा शब्दावर भरवसा. १९५० मध्ये कारखाना उभा राहिला. अध्यक्षाच्या खुर्चीत धनंजयराव गाडगीळ बसले, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. विखे उपाध्यक्ष. भागाचे पैसे ज्याच्या तोंडाकडे पाहून लोकांनी दिले, त्यानं हिशेब आणि धोरण कळणाऱ्याला आपल्या वर बसवलं.

आजच्या किती सहकारी संस्थांत असं घडेल, वाचकांनी आपापल्या तालुक्यातली उदाहरणं आठवून पाहावीत.

१६

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाही गुरांमागे कुरणात गेली. फळा झाडाला टेकवलेला, गुरं चरताहेत, बाई शिकवताहेत. नाव कुरणशाळा.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये वारल्या. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवलं.