वाटेत झाशी लागली नाही

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्हाला अकरा वर्षं झाली होती, पण तिथला डिसेंबर मी कधी नीट पाहिला नव्हता. नाताळ जवळ आला की निजामुद्दीनहून दुपारची गोवा एक्स्प्रेस धरायची आणि दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा मिरजेला उतरायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता. रात्रीच्या जेवणाला झाशी लागायची. डबा उघडता उघडता हे मुलांना सांगायचे, "आपल्या कॉलनीच्या राणीचं गाव आलं." काशीत जन्मलेली तांब्यांची मनू झाशीत नांदली आणि 1858च्या जूनमध्ये ग्वाल्हेरपाशी लढताना पडली. सारं आयुष्य नर्मदेच्या उत्तरेला गेलं, तरी माणूस आपल्याच घरातलं. नवऱ्याच्या नोकरीमागे दिल्लीला आलेल्या मला तिची ओढ वाटते ती म्हणूनच.

2020 साली झाशी लागली नाही.

नोव्हेंबरात दिल्लीनं फार वाईट दिवस काढले. 11 तारखेला एका दिवसात करोनाचे 8,593 नवे रुग्ण सापडले होते. डिसेंबरात आकडे उतरले, विशेष गाड्या धावत होत्या. निघालो असतो तर पोचलो असतो. सासूबाई फोनवर म्हणाल्याही, "या की रे. मला काय होतंय आता?" त्यांना दमा. हे म्हणाले, "आई, आम्हीच घेऊन आलो तर गं?" पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग हळूच आवाज आला, "तीळ निवडून ठेवलेत. पार्सलनं पाठवते."

त्या वर्षी एलटीसीच्या, म्हणजे सरकारी प्रवाससवलतीच्या, बदल्यात खरेदीची मुभा मिळाली होती. भाड्याच्या तिप्पट रक्कम 12 टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटीच्या वस्तूंवर खर्चायची, तीही रोखीनं नाही. आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. अजून छान चालतं. पण ते दारात उतरलं तेव्हा मुलं त्याच्याभोवती गोळा झाली नाहीत.

मग आम्ही उन्हात बसायला शिकलो. सकाळी फरशीवर मोज्यांशिवाय पाऊल टाकवत नसे. पुढे 1 जानेवारीला तर जवळच्या सफदरजंग वेधशाळेत पारा 1.1 अंशावर आला, पंधरा वर्षांतली जानेवारीतली सर्वांत थंड सकाळ. साडेदहाच्या सुमारास ऊन कडुनिंबाआडून गवतावर उतरायचं आणि घराघरातून चटया बाहेर यायच्या, मध्ये दोन-दोन हात जागा सोडून. समोरच्या आंटी मटारच्या शेंगांचा ढीग मांडीशी घेऊन बसायच्या. मी लाल गाजरं किसायची. अकरा वर्षं जिन्यात नुसतं 'नमस्ते' म्हटलेल्या त्या बाईंची आई लाहोरची होती, हे मला त्या चटईवर कळलं. मध्येच एम्स किंवा सफदरजंगकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकेचा आवाज यायचा. सोलणारे हात थांबायचे. आवाज विरेपर्यंत कुणी शेंगेला नख लावत नसे.

मिरजेला या दिवसांत हुरडा असतो. धाकटीला तो हवा होता. आम्ही शेगडीत रताळी भाजली, वर लिंबू पिळलं, आणि तिनं त्यालाच हुरडा म्हणायचं ठरवलं.

21 डिसेंबरला संध्याकाळी सगळे गच्चीवर गेलो. गुरू आणि शनी 1623 नंतर इतके जवळ आले नव्हते. नैऋत्येला, धुरकट आभाळात खाली, आधी एकच ठिपका दिसला. थोरल्यानं आजीला फोन लावला. त्या मिरजेच्या गच्चीवर कठड्याला धरून उभ्या होत्या.

"आजी, दिसले?"

"दिसले रे. आधी एकच वाटला."

"आम्हालाही!"

फोन सुरूच राहिला. पुढे कुणी फारसं बोललं नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, एकसारखा, न अडखळता, आणि आम्ही चौघं तो ऐकत थंडीत उभे होतो.

24 तारखेला, एरवी निघायचा तो दिवस, मी सवयीनंच पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली आणि स्टीलच्या डब्यात भरली. पलंगावर रजई पसरून डबा मध्ये ठेवला. साडेआठच्या सुमारास ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि दोन्ही मुलं एकदम म्हणाली, "झाशी!"

जेवण झाल्यावर धाकटी स्वेटरसकट खिडकीच्या बाजूला डोकं करून आडवी झाली, बर्थवर झोपते तशी.

"आई, मिरज आली की उठव हं."

मी दिवा मालवला.