सुटकेनंतरचं घर

१९७७ साली आमच्या आळीतले एक मास्तर तुरुंगातून सुटून घरी आले. आणीबाणीत त्यांना ‘मिसा’ कायद्याखाली उचललं होतं. हार झाले, पेढे वाटून झाले. येणारा प्रत्येक जण पाठीवर हात ठेवून म्हणायचा, ‘झालं गेलं गंगेला मिळालं, मास्तर.’ मास्तर हसून मान डोलवायचे. पण रात्री कुठे कडी पडल्याचा आवाज झाला की ते अंथरुणात उठून बसत. पुढे त्यांच्या घरात रात्री कडी लावणंच बंद झालं. काकू स्वयंपाकघरातला जड पाटा ओढत आणून दाराशी सरकवून ठेवायच्या. मी लहान होतो. पाटा दाराशी का, हे कुणी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुष्कळ वर्षांनी त्या पाट्याची आठवण करून दिली ती ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेने. तिच्यातल्या अंतराळजहाजाच्या कॅप्टनला, पिकार्डला, ‘बोर्ग’ पळवून नेतात. हे अर्धे जीव, अर्धे यंत्र. त्याच्या अंगात यंत्रं रुजवतात, नाव पुसून नवं देतात आणि त्याच्याच डोक्यातली माहिती वापरून त्याच्याच लोकांची ३९ जहाजं नष्ट करतात. शेवटी सहकारी त्याला सोडवून आणतात. हा सुटकेचा भाग २४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत दाखवला गेला. तेव्हाच्या मालिकांची रीत अशी होती की पुढच्या आठवड्यात नायक ताजातवाना होऊन नव्या संकटाला भिडायचा. इथे तसं झालं नाही. पुढच्या भागाचं नाव ‘फॅमिली’. रोनाल्ड मूर यांनी लिहिलेल्या या भागात शत्रू नाही, लढाई नाही, जहाजाचा तो ओळखीचा नियंत्रणकक्षही एकदासुद्धा दिसत नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो. घरी थोरला भाऊ रोबेर, वहिनी, पुतण्या आणि वाडवडिलांचा द्राक्षमळा.

वरवर तो बरा दिसतो. समुद्राच्या तळाशी चाललेल्या एका प्रचंड प्रकल्पाचं प्रमुखपद चालून येतं, तेव्हा फारच उत्साहाने बोलू लागतो. मला तो उत्साह बघवत नाही, कारण त्याला आकाशापासून लांब कुठेतरी दडून बसायचंय हे दिसत असतं. रोबेरलाही ते कळतं. तो प्रेमाने जवळ घेत नाही. डिवचतो, टोचून बोलतो. मग मळ्यात दोघा पोक्त भावांची जुंपते, दोघं चिखलात लोळतात, आणि एकमेकांचे अवतार पाहून पोट धरून हसतात. हसता हसता पिकार्डचा बांध फुटतो. तो रडत रडत सांगतो की त्यांनी माझ्याकडून माणसं मारवली आणि मला त्यांना थोपवता आलं नाही. खूप झगडलो, पण कमी पडलो.

कैदेतून आलेल्या माणसाला खरा पोखरतो तो हा अपराधीपणा. कुणी त्याला दोष देत नाही, म्हणून तो बोलायलाही जागा राहत नाही. रोबेर त्याला ‘विसर’ म्हणत नाही. हे पुष्कळ दिवस तुझ्याबरोबर राहणार आहे, त्याच्यासकट जगायला शिकावं लागेल, एवढंच सांगतो. आमच्या आळीत इतकी प्रेमळ माणसं होती, पण मास्तरांना हे कुणी म्हटलं नाही.

आणि रडून मोकळं झालं म्हणजे जखम भरून आली, असंही लेखकांनी मानलं नाही. १९९६च्या ‘फर्स्ट काँटॅक्ट’ चित्रपटात बोर्ग पुन्हा समोर येतात, तेव्हा हाच संयमी माणूस संतापाने हातातल्या बंदुकीने काचेचं कपाट फोडतो. जखम तिथेच होती.

पिकार्डची भूमिका करणारे पॅट्रिक स्टुअर्ट यॉर्कशरचे. वडील दुसऱ्या महायुद्धातले सैनिक. घरी परतल्यावर ते दारू पिऊन आईला मारत, आणि मुलगा मध्ये पडे. वडिलांना १९४०मध्ये फ्रान्समध्ये युद्धाचा जबर मानसिक धक्का बसला होता आणि त्यावर कधी उपचारच झाले नाहीत, हे स्टुअर्टना २०१२मध्ये कळलं. ‘फॅमिली’तलं ते रडणं त्यांनी त्याआधी बावीस वर्षं करून ठेवलं होतं. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्थेचं काम ते आईसाठी करत होतेच. आता मनाने जायबंदी झालेल्या माजी सैनिकांच्या संस्थेचंही करतात, वडिलांसाठी.